चाळिशीचा आरंभ : औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

दरवर्षी १२ जानेवारीस, स्वामी विवेकानंदांच्या जयंतीदिनी, मध्यप्रदेशातील शाळांतून सामूहिक सूर्यनमस्कार घातले जातात. पौषातल्या थंडीत कुडकुडणारी मुले ओळीने उभी राहतात, आणि त्यांस पोहोचवावयास आलेली वडीलमाणसे गळ्याभोवती मफलर गुंडाळून फाटकापाशी कौतुकाने पाहत असतात. त्यांपैकी कोणास आत येऊन चार नमस्कार घालण्याचा आग्रह केला, तर आता आपले वय राहिले नाही, असे ठरलेले उत्तर मिळते. आमच्या सिंधीपुऱ्यात हे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. खरे सांगावयाचे तर दिलेही आहे. अशा वेळी आम्हांस ज्या पुरुषाची आठवण होते, त्याने हा नमस्कार नेमाने घालण्यास आरंभ केला तेव्हा तो चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. आज शाळाशाळांतून हा व्यायाम दिसतो, त्याचे बरेचसे श्रेय त्याच पुरुषाकडे जाते.

हे गृहस्थ म्हणजे औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव, ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध हे सातारा जिल्ह्यातील, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले गाव. संस्थान लहानसे, सारी मिळून बहात्तर खेडी, आणि तीही एकसलग नव्हेत. बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी या घराण्यात झाला. त्या काळच्या राजकुमारांच्या मानाने त्यांचे शिक्षण पुष्कळच झाले. मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पदवी त्यांनी संपादिली. पुढे १९०९ साली ते गादीवर आले. उत्तम चित्रकार, कीर्तनात रंगणारे हरिदास आणि कलावस्तूंचे संग्राहक म्हणूनही त्यांची ख्याती आहे. औंधच्या टेकडीवरील श्रीभवानी वस्तुसंग्रहालय हे त्यांच्या याच आवडीचे फळ. परंतु आम्हांस येथे त्यांच्या देहसाधनेविषयीच लिहावयाचे आहे.

लोकमान्य टिळकांनी कॉलेजातील पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालविले, ही कथा आपण पाठ्यपुस्तकांतून वाचली आहे. परंतु टिळक त्या वेळी सतरा वर्षांचे विद्यार्थी होते. त्या वयात अंग वळते, भूक लागते, सकाळी उठविणारे कोणी असते. प्रपंचात पडलेल्या माणसाची गोष्ट निराळी. दिवसभर बैठक, रात्री उशिरा जेवण, पाहुण्यारावळ्यांचा राबता. आणि राजवाड्यात तर पाण्याचा तांब्या उचलावयासही दुसरा हात तयार. अशा घरी जन्मलेल्या माणसाने तिशीच्या सुमारास रोजच्या कष्टाचा नेम धरावा, ही गोष्ट आम्हांस टिळकांच्या त्या वर्षाहून कमी मोलाची वाटत नाही.

त्या काळी यूजेन सँडो या प्रशियातील मल्लाचे नाव जगभर गाजत होते. हा सँडो बाळासाहेबांहून अवघ्या दीड वर्षाने मोठा. त्याने डंबेल्सच्या व्यायामाची एक पद्धती बसविली होती व तिची पुस्तके दूरदूर जात असत. बाळासाहेबांनी १८९७ साली ती पुस्तके व ते साहित्य मागविले आणि सुमारे दहा वर्षे तो व्यायाम निष्ठेने केला. स्वदेशीचा अभिमान बाळगणाऱ्या पुढील पिढीस यात थोडे वैगुण्य दिसेल, आम्हांस मात्र दिसत नाही. जे हाताशी आले त्याने आरंभ केला, हेच त्यातले महत्त्वाचे. उत्तम पद्धती कोणती याची चर्चा करीत बसणारांचे पोट त्या चर्चेने कधी उतरल्याचे ऐकिवात नाही.

पुढे १९०८ च्या सुमारास, मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून, ते सूर्यनमस्कारांकडे वळले. येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. सूर्यनमस्कार बाळासाहेबांनी शोधून काढले, असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते, ते बरोबर नव्हे. सूर्यास साष्टांग नमस्कार घालण्याची चाल महाराष्ट्रात त्यांच्या पूर्वीपासून होती, आणि समर्थ रामदासांच्या परंपरेशीही लोक तिचे नाते जोडीत आले आहेत. बाळासाहेबांनी केले ते इतकेच की, देवघरातल्या त्या उपासनेस त्यांनी सर्वांस करता येईल अशा शास्त्रशुद्ध व्यायामाचे रूप दिले, त्याच्या दहा स्थिती निश्चित केल्या, आणि स्वतःच्या देहावर वर्षानुवर्षे त्याचा प्रयोग केला.

या दहा स्थिती आमच्या वाचकांस बहुधा ठाऊक आहेत. हात जोडून ताठ उभे राहावयाचे, गुडघे न वाकविता खाली वाकून तळवे जमिनीस टेकावयाचे, एक पाय मागे, मग दुसरा मागे, नंतर साष्टांग. पुढे छाती वर उचलून मान मागे, कंबर उंच, एक पाय पुढे, दुसरा पुढे, आणि पुन्हा उभे. पाचव्या म्हणजे साष्टांगाच्या स्थितीत कपाळ, छाती, दोन्ही तळवे, दोन्ही गुडघे व दोन्ही चवडे जमिनीस लागतात, पण पोट लागू द्यावयाचे नसते. वाचावयास हे सोपे वाटते. ज्यांचे पोट कमरेच्या पट्ट्याबाहेर आले आहे त्यांनी एकदा करून पाहावे, म्हणजे या एका स्थितीत केवढे काम आहे ते कळेल. प्रत्येक नमस्कारास मित्र, रवि, सूर्य, भानु असे सूर्याचे एकेक नाव घेण्याची त्यांची पद्धती होती. श्वासोच्छ्वास नाकानेच व्हावा आणि संख्या हळूहळू वाढवावी, यावरही त्यांचा कटाक्ष असे.

डंबेल्स सोडून ते याकडे का वळले असावेत, याचा आम्ही विचार केला. साहित्य लागले की ते विकत आणणे आले, ठेवावयास जागा आली, आणि प्रवासास निघाले की ते घरी राहणे आले. तालमीस जावयाचे तर तालीम जवळ हवी, जोडीदार हवा. नमस्कारास एक सतरंजी पुरते, पाऊस असो की परगाव. पोक्त माणसाचा व्यायाम आळसाने सुटतो त्याहून अधिक सबबीने सुटतो, आणि या व्यायामात सबबीस जागाच राहत नाही.

गादीवर आल्यावर त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. मुलांबरोबर मुलींनीही, आणि गृहिणींनीही ते घालावेत असे त्यांचे आग्रहाचे मत होते. त्या काळात हे मत मांडणे सोपे नव्हते. राजाज्ञेने घडलेला व्यायाम शाळा सुटल्यावर कितीजण चालू ठेवतात, याविषयी मात्र आम्हांस शंका आहे, व ती १२ जानेवारीच्या कार्यक्रमाविषयीही आहे. या व्यायामाने अनेक रोग बरे होतात, असेही ते मोठ्या विश्वासाने लिहीत. ते सगळे आजचे वैद्यकशास्त्र मान्य करणार नाही. रक्तदाब वा गुडघेदुखी असणारांनी डॉक्टरांस विचारूनच आरंभ करावा, हे बरे.

परंतु त्यांच्या शब्दामागे त्यांचा स्वतःचा देह उभा होता, हे कोणास नाकारता येणार नाही. १९३५ साली इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, तेव्हा त्यांस सदुसष्टावे वर्ष होते. पुढील साली ते विलायतेस गेले. तेथे लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांच्या व्यायामाविषयी लंडनच्या वृत्तपत्रात लिहिले, आणि १९३८ साली त्यांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक बाईंच्याच संपादनाखाली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. सँडोची पुस्तके युरोपातून औंधास आली, त्यास तोवर चार दशके उलटली होती. आता औंधचे पुस्तक युरोपीय वाचकांच्या हाती गेले. सँडो स्वतः ते पाहावयास उरला नव्हता. तो १९२५ सालीच, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, वारला होता.

सत्तरीत बाळासाहेबांनी आणखी एक पाऊल उचलले. महात्मा गांधींच्या सल्ल्याने, व चिरंजीव आप्पासाहेब पंत यांच्या साह्याने, त्यांनी १९३९ साली औंधची राज्यसत्ता प्रजेच्या हाती दिली. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

१३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, बाळासाहेबांचे निधन झाले. पुढे आप्पासाहेब स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी राहिले, आणि त्यांनीही सूर्यनमस्कारांवर एक पुस्तक लिहिले. वडिलांस पाहून मुलाने उचललेला असा हा व्यायाम होता. सिंधीपुऱ्यातील फाटकापाशी उभ्या असलेल्या मंडळींकडे त्यांची मुले येत्या १२ जानेवारीसही पाहत असतील.