दाबाचे उपासक : ब्रिजमन

सायकलीच्या चाकात वाजवीपेक्षा अधिक हवा भरली, तर ते फाटते. अशा दाबाशी जन्मभर झुंज घेणारे पर्सी विल्यम्स ब्रिजमन यांचा जन्म २१ एप्रिल १८८२ रोजी अमेरिकेतील केंब्रिज या गावी झाला. १९०० साली ते तेथील हार्वर्ड विद्यापीठात शिकावयास गेले आणि पुढे तेथेच अध्यापक झाले.

प्रचंड दाबाचा प्रकाशावर काय परिणाम होतो, हे पाहण्याचा तरुण ब्रिजमन यांचा विचार होता. परंतु एके दिवशी काचेचे पात्रच फुटले. नवा भाग युरोपातून यावयाचा होता. दुसरा कोणी वाट पाहत बसला असता. ब्रिजमन मात्र दाबयंत्राशी इतर खटपटी करीत राहिले. त्यांतूनच त्यांना एक विलक्षण बूच सापडले. आतील द्रव जितका रेटा देई, त्याहून अधिक जोराने बुचाभोवतीची मऊ चकती आवळली जाई. चोराने ढकलावे आणि दार अधिकच घट्ट बसावे, तसा हा प्रकार! पूर्वी संशोधक हवेच्या दाबाच्या सुमारे ३,००० पटींपाशी अडत. ब्रिजमन १२,००० पटींच्याही पुढे गेले आणि अखेरीस एक लक्षापर्यंत पोचले.

पण एवढा दाब मोजावयाचा कसा? मँगॅनीन नावाच्या मिश्रधातूची तार विजेच्या प्रवाहाला जो रोध करते, तो दाबाबरोबर बेताबेताने वाढत जातो. तो रोध मोजला की दाब कळे. मात्र जाड पोलादी भिंतीतून विजेच्या तारा आत न्यावयाच्या, त्या पोलादास टेकू द्यावयाच्या नाहीत आणि द्रवाचा थेंबही बाहेर येऊ द्यावयाचा नाही, हे काम फार नाजूक होते. लेथवर स्वतः पोलाद कातणाऱ्या ब्रिजमन यांना ते साधले. दाबाखाली तांब्याचा रोध घटतो. बिस्मथचा उलट वाढतो आणि सुमारे २५,००० पट दाबाला एकाएकी कोसळतो, असे त्यांना आढळले. १९१४ साली तर त्यांनी विस्तवावाचून, केवळ दाबाने, अंड्याचा पांढरा बलक घट्ट केला!

१९३९ साली हुकूमशाही राष्ट्रांच्या नागरिकांना त्यांनी आपल्या प्रयोगशाळेचे दार बंद केले. ज्ञान सर्वांचे, असे मानणाऱ्या या माणसाला तो निर्णय सोपा गेला नसावा. १९४६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रॅफाइटचा हिरा करण्याचे त्यांचे प्रयत्न मात्र निष्फळ ठरले. ते यश १९५४ साली अमेरिकेतीलच इतर संशोधकांनी मिळविले. २० ऑगस्ट १९६१ रोजी ब्रिजमन निवर्तले. बिस्मथच्या त्या आकस्मिक बदलावरून प्रयोगशाळांतील दाबयंत्रे पुढेही पारखली जात राहिली.