डॉ. सुब्बाराव : एका गोळीमागचे विस्मृत नाव

कोल्हापूर : राजारामपुरीतील औषधांच्या दुकानांतून संधिवाताचे रुग्ण आठवड्यातून एकदाच घ्यावयाची मेथोट्रेक्झेटची गोळी नेतात. हे औषध ज्यांच्या प्रयोगशाळेच्या संशोधनातून जन्मले, त्या डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

आंध्रातील भीमावरम येथे १२ जानेवारी १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. तरुणपणीच त्यांचे दोन भाऊ संग्रहणीने आठ दिवसांच्या अंतराने दगावले. मद्रासला वैद्यकीचे शिक्षण घेताना खादी वापरल्याने इंग्रज प्राध्यापकाची मर्जी खप्पा झाली आणि त्यांना एलएमएस या दुय्यम पदविकेवर समाधान मानावे लागले.

पुढे ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. तेथे सायरस फिस्के यांच्यासमवेत १९२९ मध्ये त्यांनी पेशींना ऊर्जा पुरविणारा एटीपी हा रेणू शोधला. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही तो स्वतंत्रपणे शोधला. हार्वर्डने कायम पद न दिल्याने १९४० मध्ये ते लेडरले कंपनीत दाखल झाले. त्यांच्या चमूने फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार केले. भावांचा बळी घेणाऱ्या संग्रहणीवर ते गुणकारी ठरले. याच आम्लाला रोखणारे अमिनोप्टेरिन रक्ताच्या कर्करोगाने पीडित बालकांना दिले गेले. मेथोट्रेक्झेट हे त्याचेच भावंड. ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मायदेशी परतणे त्यांना कधीच जमले नाही.

त्यांच्या दोन कामांना जोडणारा दुवा त्यांच्या पश्चात उलगडला. इजा झालेल्या पेशींतून बाहेर सांडलेला एटीपी हा शरीरासाठी धोक्याचा इशारा असतो. त्याने दाह भडकतो. रोगप्रतिकारक पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी-३९ हे विकर एटीपीचे फॉस्फेट तोडून एएमपी बनविते आणि शेजारचे सीडी-७३ त्यापासून अडेनोसिन तयार करते. हे अडेनोसिन दाह शमविते. अल्प मात्रेतील मेथोट्रेक्झेट संधिवातावर गुण देते, ते बऱ्याच अंशी याच मार्गाने अडेनोसिन वाढवून, असे मानले जाते. सीडी-७३ नसलेल्या उंदरांत या औषधाचा दाहशामक परिणाम दिसला नाही.

या विकराला दुसरी बाजूही आहे. कर्करोगाच्या अनेक गाठी अडेनोसिनच्या आडोशाने प्रतिकारशक्तीला गुंगारा देतात. त्यामुळे सीडी-७३ रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्या सुरू आहेत.

सुब्बाराव यांना नोबेल मिळाले नाही. भारतीय टपाल खात्याने १९९५ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, तिकीट काढून त्यांचे स्मरण केले.