फ्रित्यॉफ नान्सेन

नॉर्वे देशात हिवाळ्याचे कित्येक महिने भूमी बर्फाने आच्छादलेली असते. तेथील मुले चालावयास शिकली की थोड्याच दिवसांत स्कीवर उभी राहतात. स्की म्हणजे पायांस बांधावयाच्या लांब व अरुंद लाकडी पट्ट्या. त्यांच्या साहाय्याने बर्फावरून वेगाने घसरत जाता येते. इ. स. १८६१ मध्ये आजच्या ओस्लो शहराजवळ जन्मलेला फ्रित्यॉफ नान्सेन लहानपणीच या विद्येत निष्णात झाला.

प्राणिशास्त्राचे शिक्षण घेत असतानाच १८८२ साली त्याला बर्गेन येथील वस्तुसंग्रहालयात काम मिळाले. समुद्रातील क्षुद्र जीवांच्या मज्जातंतूंची रचना सूक्ष्मदर्शकातून न्याहाळावयाची, हा त्याचा दिनक्रम. परंतु त्याचे पाय स्वस्थ बसतील तर ना! १८८४ च्या हिवाळ्यात राजधानीतील स्कीच्या शर्यतीसाठी तो मधले उंच पर्वत स्कीवरूनच ओलांडून गेला, आणि शर्यत आटोपताच पुन्हा सूक्ष्मदर्शकापुढे येऊन बसला.

ग्रीनलंडचे हिमाच्छादित पठार तोवर कोणीही आरपार ओलांडले नव्हते. पूर्वीचे प्रवासी वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघत आणि संकट येताच मागे फिरत. नान्सेनने उलट बेत केला. ओसाड पूर्व किनाऱ्यावरून निघावयाचे, म्हणजे घरे काय ती पुढेच. मागे फिरून उपयोगच नाही! सरकारने पैसा नाकारला. एका विनोदी पत्राने तर, या खेळास परतीचे तिकीट काढण्याची गरज नाही, अशी थट्टा केली. अखेर एका डॅनिश व्यापाऱ्याने द्रव्यसाहाय्य केले.

विद्यार्थ्यांनी पुढील तारखा जरा लक्षपूर्वक वाचाव्यात. २८ एप्रिल १८८८ रोजी नान्सेनने डॉक्टरच्या पदवीसाठी आपल्या प्रबंधाचे परीक्षकांपुढे समर्थन केले, आणि २ मे रोजी तो ग्रीनलंडच्या वाटेस लागला!

१५ ऑगस्टला सहा जणांनी किनारा सोडला. जड घसरगाड्या ते स्वतःच ओढीत होते. पठाराची उंची २,७०० मीटरांवर गेली; थंडी शून्याखाली ४५ अंशांपर्यंत उतरली. पुढे वारा अनुकूल होताच त्यांनी गाड्यांना शिडे बांधली. पश्चिम किनाऱ्याजवळ पोहोचल्यावर तंबूच्या कापडाची व झाडाच्या फांद्यांची होडी करून, एका सोबत्यासह नान्सेन ३ ऑक्टोबरला गोटहोब गावी पोहोचला. त्या वर्षीचे शेवटचे जहाज निघून गेले होते. मग सारा हिवाळा तेथेच काढून तो इनुइट लोकांकडून त्यांची कायाक नावाची चामडी होडी चालविण्यास शिकला.

१८९५ मध्ये तो उत्तर ध्रुवाच्या दिशेने ८६ अक्षांशांपलीकडे गेला. तोवर तेथवर कोणी पोहोचले नव्हते. पुढे तो प्राध्यापक झाला, लंडनमध्ये नॉर्वेचा वकीलही झाला. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या वतीने त्याने चार लाखांहून अधिक युद्धकैद्यांना मायदेशी पोहोचविले. ज्यांना कोणताच देश आपले म्हणत नव्हता, अशा निर्वासितांसाठी १९२२ मध्ये त्याने एक प्रवासपत्र सुरू करविले. त्यास लोक नान्सेन पासपोर्ट म्हणत. त्याच वर्षी त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती रक्कम त्याने पीडितांच्या साहाय्यार्थ दिली.

१३ मे १९३० रोजी तो निधन पावला. निर्वासितांचे काम पुढे चालविणाऱ्या कचेरीस त्याचे नाव देण्यात आले, आणि १९३८ मध्ये त्या कचेरीसही तेच पारितोषिक लाभले.