इंदूरचा गोठा आणि सर अल्बर्ट हॉवर्ड

इंदूरचे नाव निघाले की बाहेरगावचे पाहुणे पोहे-जिलबी, सराफा आणि स्वच्छतेतला पहिला नंबर यांविषयी बोलतात. आम्ही इंदूरकरही तेवढ्यावर खूश असतो. पण आपल्या गावाचे नाव शेतीच्या जगात त्याआधी कितीतरी वर्षे पोहोचले होते. १९३० नंतरच्या दशकात केनियातले कॉफीचे मळेवाले आणि आसामातले चहाचे मळेवाले ‘इंदूर पद्धती’ने खत करत होते. ही पद्धत ज्यांच्या नावाशी जोडली गेली, ते सर अल्बर्ट हॉवर्ड इंदुरात उणीपुरी सात वर्षे राहिले. त्या सात वर्षांच्या कामाच्या मध्यभागी होता एक गोठा आणि त्यातले बैल. गणपतीच्या तोंडावर पोळा येतो, आपण मातीच्या बैलजोडीची पूजा करतो. खऱ्या बैलांकडून शिकलेल्या या माणसाची ओळख करून द्यायला ही वेळ बरी आहे.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात, बिशप्स कॅसल येथे, शेतकरी कुटुंबात झाला. लंडन आणि केंब्रिज येथे विज्ञानाचे शिक्षण घेऊन ते १८९९ मध्ये वेस्ट इंडीज बेटांवर गेले. काम होते उसावर आणि इतर पिकांवर पडणाऱ्या बुरशीच्या रोगांचा अभ्यास. म्हणजे त्यांची सुरुवातच परजीवींच्या संशोधनाने झाली. तिथे त्यांना एक गोष्ट खुपू लागली. सूक्ष्मदर्शकाखाली रोगाचे नाव तर सांगता येत होते, पण सुचवलेला उपाय स्वतः करून पाहायला हातभर जमीन नव्हती. जो शेतकरी जमीन कसत होता त्याला सल्ला द्यायचा तो न कसणाऱ्याने, हे त्यांना पटेना. पुढे केंट परगण्यात दोन-तीन वर्षे हॉप या पिकावर काम करून ते १९०५ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या नोकरीत आले आणि बिहारमधल्या पुसा येथे रुजू झाले. त्याच वर्षी मुंबईत त्यांचा गॅब्रिएल मॅथाय यांच्याशी विवाह झाला. गॅब्रिएलबाई स्वतः केंब्रिजमध्ये नावाजलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. पुढची पंचवीस वर्षे हॉवर्ड यांच्या नावावर जे काम दिसते ते या दोघांचे आहे. पुसा गव्हाच्या गाजलेल्या जातीही दोघांच्याच.

तो काळ जनावरांच्या रोगांविषयी मोठ्या शोधांचा होता. १८८० मध्ये ग्रिफिथ एव्हान्स या पशुवैद्याने वायव्य सरहद्दीवर घोड्या-उंटांच्या रक्तात ‘सर्रा’ रोगाचा परजीवी शोधला होता. १८८९ मध्ये आपल्या पुण्यात जनावरांच्या रोगांसाठी सरकारी प्रयोगशाळा निघाली, ती पुढे कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. १८९३ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले, की गुरांचा एक जीवघेणा ताप गोचिडीमार्फत पसरतो. साहजिकच सगळ्यांचे लक्ष शत्रूवर खिळले होते: परजीवी ओळखा, त्याची वाट शोधा, त्याला मारा.

हॉवर्ड यांनी प्रश्नाची दुसरी बाजू धरली. पुसाच्या आसपासच्या शेतकऱ्यांची पिके त्यांनी बारकाईने पाहिली. कीटकनाशक माहीत नसतानाही त्या पिकांना रोग फारसा शिवत नव्हता. मग त्यांनी शेतकरी आणि कीड या दोघांनाच गुरू केले. कीड ही जमीन कुठे कमी पडते ते दाखवणारी परीक्षक आहे, असे ते मानू लागले. हेच जनावरांना लागू पडते का, हे पाहायचे तर स्वतःचे बैल हवेत. वरिष्ठांशी बराच वाद घालून १९१० मध्ये त्यांनी ते मिळवले. त्यांना स्वतःच्याच शेतातला हिरवा चारा पोटभर घातला, गोठा कोरडा आणि स्वच्छ ठेवला. कुंपणापलीकडे लाळ्या-खुरकुताने बेजार झालेली गुरे होती. हॉवर्ड यांचे बैल त्यांच्या नाकाला नाक लावत, पण त्यांना वेगळे बांधले नाही की लस टोचली नाही. बैल धडधाकट राहिले.

पुसाला मात्र प्रत्येक विद्येची कोठी वेगळी होती. पीक एका खात्याकडे, माती दुसऱ्याकडे, कीड तिसऱ्याकडे, गुरे चौथ्याकडे. हॉवर्ड दांपत्याला हे सारे एका शेतावर एकत्र हवे होते. ते त्यांना माळव्याच्या काळ्या मातीत मिळाले. मध्यवर्ती कापूस समिती आणि मध्य भारतातली काही संस्थाने यांच्या पैशातून १९२४ मध्ये इंदुरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली. आज आपण ज्याला कृषी महाविद्यालय म्हणतो तीच ही जागा. मजुरांना ठरावीक तास काम, वेळेवर पगार आणि औषधपाणी यांची व्यवस्था तिथे पहिल्यापासून होती.

इंदूरच्या बैलांनी पुसाचीच गोष्ट पुन्हा सांगितली, पण एका अपवादासह, आणि तो अपवादच जास्त बोलका आहे. सुरुवातीच्या दिवसांत, उन्हाळ्यात चारा अपुरा पडला आणि काही बैलांना लाळ्या-खुरकुताची सौम्य बाधा झाली. चाऱ्याची नीट बेगमी झाल्यावर तो प्रकार पुन्हा दिसला नाही. हॉवर्ड यांनी ही घटना लपवली नाही, उलट आपल्या म्हणण्याचा पुरावा म्हणून नोंदवली.

याच गोठ्यातून इंदूर पद्धत निघाली. माळव्यात शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जात, गोमूत्र वाया जाई आणि कापसाच्या पऱ्हाट्या, तुराट्या अशाच पडून राहत. हॉवर्ड यांनी पऱ्हाट्या शेतरस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरडल्या. तो चुरा आणि काडीकचरा बैलांखाली अंथरला. शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि राख यांच्याबरोबर त्याचे थर ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ फूट खोल खड्ड्यांत रचले. ओलावा आणि हवा राखायची, तीन वेळा परतायचे आणि साधारण ९० दिवसांत काळे, भुसभुशीत, वास नसलेले खत तयार. पैशाचा खर्च जवळपास नाही, कष्ट मात्र आहेत.

जनावरांच्या जंतांशी याचा संबंध काय? जंताची अंडी शेणातून बाहेर पडतात. ओल्या गवतावर त्यांतून अळ्या निघतात आणि चरणाऱ्या वासराच्या पोटात पुन्हा जातात. यकृतातला चपटा कृमीही शेणातूनच तळ्याकाठच्या गोगलगायीपर्यंत पोहोचतो. उघडा उकिरडा हा या फेऱ्यातला एक दुवा आहे. इंदूरच्या खड्ड्यात मात्र तापमान ६५ अंश सेल्सियसच्या आसपास चढते. त्या उष्णतेत जंताची अंडी, माश्यांच्या अळ्या आणि तणांचे बी तग धरत नाही. खत परतल्याने बाहेरचा थर आत जातो आणि तोही तापतो. म्हणूनच जंतांचा फेरा तोडायला शेण नीट कुजवून वापरा, असे पशुवैद्य आजही सांगतात.

या कामात हॉवर्ड यांचे प्रमुख सहकारी होते यशवंत वाड. १९३१ मध्ये शेतीतल्या टाकाऊ मालाचे खत करण्यावर ऑक्सफर्डने जे पुस्तक छापले, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर वाडांचे नाव आहे. ज्या काळी गोऱ्या साहेबाच्या पुस्तकात हाताखालच्या देशी माणसाचे नाव फार तर आभारात येई, त्या काळी ते मुखपृष्ठावर आले. हॉवर्ड गेल्यावरही काम थांबले नाही. १९३४ मध्ये जॅक्सन आणि वाड यांनी हीच रीत गावातला कचरा आणि मैला यांना लागू करणारी पुस्तिका काढली. माणसांच्या पोटातल्या जंतांचा फेराही तसाच मैल्यातून चालतो, म्हणून ते पाऊल महत्त्वाचे. आम्हा मराठी इंदूरकरांच्या तोंडी मात्र वाडांचे नाव क्वचितच येते.

हॉवर्ड यांचे इंदूरपर्व दुःखात संपले. ऑगस्ट १९३० मध्ये गॅब्रिएलबाई जिनीव्हात वारल्या. १९३१ मध्ये हॉवर्ड मायदेशी परतले. त्याच वर्षी त्यांनी गॅब्रिएलबाईंची बहीण लुईस यांच्याशी विवाह केला. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९३५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आले, तेव्हा त्यांनी आवर्जून ही संस्था पाहिली. १९४० मध्ये हॉवर्ड यांचे ‘अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ प्रसिद्ध झाले. ते त्यांनी गॅब्रिएलबाईंना अर्पण केले आहे. आजची सेंद्रिय शेतीची चळवळ या पुस्तकाला आपल्या मुळाशी ठेवते. २० ऑक्टोबर १९४७ रोजी हॉवर्ड यांचे निधन झाले.

त्यांचे सगळेच म्हणणे टिकले, असे म्हणता येणार नाही. मोजक्या बैलांच्या अनुभवावरून त्यांनी फार मोठा निष्कर्ष काढला. तुलनेसाठी उपाशी बैलांची दुसरी रांग त्यांच्या गोठ्यात नव्हती. ते इंदुरात असतानाच मुक्तेश्वरला एडवर्ड्स बुळकांडीवर शेळीच्या शरीरातून सौम्य केलेली लस तयार करत होते. पुढे लशींच्याच बळावर बुळकांडी जगातून गेली आणि २०११ मध्ये तशी घोषणा झाली. नुसत्या चांगल्या चाऱ्याने ते झाले नसते. गोचिडीमार्फत रक्तात शिरणाऱ्या परजीवींना खताचा खड्डा अडवत नाही, आणि संकरित गाय कितीही धष्टपुष्ट असली तरी त्यांना बळी पडते. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हाही लसच शोधावी लागली.

तरी त्यांच्या प्रश्नाचे वजन कमी होत नाही. औषध पाजून जंत पडतात, पण गोठा ओला, उकिरडा उघडा आणि वासरू अर्धपोटी असेल तर महिन्याभरात ते पुन्हा येतात. त्याच त्या औषधांना न जुमानणारे जंत आता अनेक देशांत आढळतात. परजीवीला मारायचे की जनावराला सशक्त करायचे, असा हा वाद उरलेला नाही, दोन्ही हवे. पण दुसरे काम स्वस्त असूनही आपण ते मागे टाकतो, हे हॉवर्ड यांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्याच गावात दाखवून दिले.

यंदा उत्सव संपल्यावर दूर्वा, पत्री आणि हारांचे निर्माल्य जमेल. ते कुजवून खत करण्याची रीत आता आपल्या अंगवळणी पडली आहे. तो ढीग परतताना हात लावून पाहिला तर आतली ऊब जाणवते. आपल्या मुलांना त्या वेळी सांगावे, की ही उष्णता कामाला लावायची रीत ज्या जागी बसवली गेली ती आपल्याच कृषी महाविद्यालयाची जमीन. आणि हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाडांचेही नाव घ्यावे.