जॉर्ज म्युलर व हाले येथील उघडे घर

ब्रिस्टल येथील अनाथ मुलांचे पालनकर्ते जॉर्ज म्युलर ह्यांचे नाव आपल्या मंडळ्यांत बहुतेकांनी ऐकले असेल. त्यांच्या विश्वासाच्या गोष्टी शब्बाथ शाळेत वारंवार सांगण्यात येतात. परंतु विद्यार्थिदशेत हा मनुष्य कसा होता आणि कोणाच्या घरी त्यास प्रभूची ओळख झाली, हे पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून तोच भाग आम्ही येथे विस्ताराने सांगतो. बाकीचा थोडक्यात सांगू.

म्युलर ह्यांचा जन्म प्रशिया देशातील क्रोपेनश्टेट ह्या गावी ता. २७ सप्टेंबर १८०५ रोजी झाला. वडील सरकारी कराच्या वसुलीवर होते. हाती पैसा असला म्हणजे मुलांस व्यवहार कळेल, अशा समजुतीने ते मुलांस वयाच्या मानाने पुष्कळ पैसे देत. परिणाम उलटा झाला. दहा वर्षांचा होण्यापूर्वीच जॉर्ज वडिलांजवळच्या सरकारी रकमेतून चोरी करू लागला. एकदा वडिलांनी रक्कम मोजून ठेवली व ती कमी भरताच त्याची झडती घेतली, तेव्हा पैसे त्याच्या बुटात पायाखाली सापडले. मुलाने पाळक व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. पण ती देवाच्या सेवेकरिता नव्हे, तर मुलास चांगले वेतन मिळून आपले म्हातारपण त्याच्या घरी सुखाने जावे म्हणून.

जॉर्ज चौदा वर्षांचा असता त्याची आई मरण पावली. त्या रात्री तो दोन वाजेपर्यंत पत्ते खेळत बसला होता. दृढीकरणाच्या वेळी पाळकास देण्याकरिता वडिलांनी जी रक्कम दिली, तिचा बारावा हिस्सा देऊन बाकीची त्याने स्वतः ठेवली. सोळाव्या वर्षी खाणावळींची बिले न देता पळू लागला म्हणून तुरुंगात गेला. पुढे अभ्यासात तो हुशार निघाला. जवळ सुमारे ३०० पुस्तके जमली, परंतु त्यांत पवित्र शास्त्र नव्हते. बाप्तिस्मा झाला होता, दृढीकरण झाले होते, पाळकाच्या कामाचे शिक्षण चालले होते. एक ख्रिस्त तेवढा त्याच्यापाशी नव्हता.

सन १८२५ मध्ये तो हाले येथील विद्यापीठात दाखल झाला. तेथे सुमारे १२६० विद्यार्थी होते व त्यांपैकी सुमारे ९०० धर्मशास्त्र शिकत होते. पण मनापासून देवाचे भय धरणारे त्यांत नऊदेखील नसतील, असे म्युलर ह्यांचे पुढे मत झाले. इतक्या भावी उपदेशकांच्या मेळ्यात एक तरुण आत्म्याने उपाशी राहिला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आपले वर्तन सुधारावे असे त्यास अधूनमधून वाटे. म्हणून त्याने बेता नावाच्या एका जुन्या शाळासोबत्याशी मैत्री केली. हा शांत व सालस आहे, ह्याच्या संगतीने आपण सुधारू, असा त्याचा अजमास होता. पण बेता त्या वेळी विश्वासात थंड पडला होता, व जॉर्जच्या संगतीने जरा मौज करावी म्हणून तोच त्याच्या मागे आला होता! त्या उन्हाळ्यात हे दोघे व आणखी काही मित्र आईबापांची खोटी पत्रे बनवून स्वित्झर्लंडच्या सफरीस गेले. वाटखर्चाची थैली जॉर्जकडे होती. तिचा हिशेब त्याने यहूदासारखा ठेवून स्वतःचा खर्च मित्रांवर लादला.

सफरीहून परतल्यावर बेताचे मन त्यास टोचू लागले. त्याने आपल्या बापाजवळ सर्व कबूल केले, आणि त्याच सुमारास काही विश्वासू लोकांशी त्याची ओळख झाली. नोव्हेंबर महिन्याच्या मध्यावर एका शनिवारी दोघे मित्र फिरून येत असता बेताने सांगितले की, मी दर शनिवारी सायंकाळी एका ख्रिस्ती गृहस्थाच्या घरी जात असतो. तेथे शास्त्र वाचतात, गीते गातात, प्रार्थना करतात, व एक छापील उपदेश वाचतात. हे ऐकताच जॉर्जने त्याच दिवशी येण्याचा हट्ट धरला. ह्या हौशी मित्रास तेथे करमणार नाही असे वाटून बेता कचरत होता. शेवटी त्याने त्यास बरोबर घेतले.

ते घर वाग्नर नावाच्या एका धंदेवाईक गृहस्थाचे होते. तो फारसा शिकलेला नव्हता. विद्यापीठातील विद्यार्थी दारात उभा राहून, आपण न बोलावता आलो ह्याबद्दल क्षमा मागू लागला. वाग्नर ह्याने त्याची विचारपूस, परीक्षा किंवा चौकशी काही केली नाही. वाटेल तेव्हा येत जा, हे घर व आमची अंतःकरणे तुझ्याकरिता उघडी आहेत, अशा अर्थाचे थोडेसे बोलून त्याने त्यास आत बसविले.

सभेत विशेष असे काहीच नव्हते. एक गीत झाले. मग कायझर नावाचा एक बंधू, जो पुढे आफ्रिकेत मिशनरी म्हणून गेला, गुडघे टेकून प्रार्थना करू लागला. जॉर्जने आजवर कोणासही गुडघे टेकलेले पाहिले नव्हते, व स्वतःही कधी टेकले नव्हते. नंतर एक अध्याय व छापील उपदेश वाचण्यात आला. कारण दीक्षित पाळक हजर नसता शास्त्राचे विवरण करण्यास त्या राज्यात मनाई होती. शेवटी वाग्नर ह्याने प्रार्थना केली. ती ऐकत असता जॉर्जच्या मनात आले की, मी ह्या मनुष्याहून कितीतरी अधिक शिकलो आहे, पण अशी प्रार्थना मला करता येणार नाही. घरी जाताना त्याने बेतास सांगितले की, स्वित्झर्लंडची सफर व आजवरच्या साऱ्या मौजा आजच्या सायंकाळपुढे काहीच नाहीत. पुढील शनिवारापर्यंत त्यास धीर निघेना. मधल्या दिवसांतही तो त्या घरी जाऊन शास्त्र वाचू लागला.

त्याची सर्व पापे एका रात्रीत सुटली असे नाही. हळूहळू दुष्ट संगत सुटली, खोटे बोलणे सुटले. मिशनरी होण्याचा विचार मनात येताच वडील रागावले, कारण त्यांच्या म्हातारपणाचा आधार जात होता. तेव्हा ह्यापुढे वडिलांचा पैसा घ्यावयाचा नाही असे म्युलर ह्यांनी ठरविले. प्रोफेसर थोलुक ह्यांच्या शिफारशीने ते काही अमेरिकन विद्वानांस जर्मन भाषा शिकवू लागले, व त्यावर त्यांचा निर्वाह झाला.

आमच्या उपदेशकांकरिता एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ऑगस्ट १८२६ मध्ये म्युलर ह्यांनी एका खेड्यात पहिला उपदेश केला. सकाळी दुसऱ्याने रचलेला उपदेश पाठ करून म्हटला. तो लोकांस समजला नाही. दुपारी मत्तयाचा पाचवा अध्याय उघडून साध्या शब्दांत अर्थ सांगितला, तेव्हा लोक लक्ष देऊन ऐकू लागले. वाग्नरच्या घरी शिकलेला धडा त्यांस असा उपयोगी पडला.

दुसरीही गोष्ट अशीच. विश्वासू विद्यार्थ्यांची एक लहानशी सभा रविवारी सायंकाळी भरत असे. म्युलर हाले सोडीपर्यंत तिच्यात सुमारे वीस जण येऊ लागले होते, व काही काळ ती त्यांच्याच खोलीत भरे. जो पाहुणा होऊन दारात उभा राहिला होता, तोच दोन वर्षांत दार उघडणारा झाला.

पुढील वृत्तान्त प्रसिद्ध आहे. सन १८२९ मध्ये ते इंग्लंडात आले, व १८३२ पासून ब्रिस्टल येथे राहिले. सन १८३६ मध्ये भाड्याच्या घरात त्यांनी अनाथालय उघडले. सन १८७० पर्यंत ॲशली डाउन येथे पाच मोठ्या इमारती होऊन त्यांत २०५० मुलांची सोय झाली. कोणाही मनुष्याजवळ पैसा न मागता, केवळ प्रार्थना करून, त्यांनी दहा हजारांवर अनाथांस सांभाळले. ता. १० मार्च १८९८ रोजी ते प्रभूच्या विसाव्यात गेले. त्यांचे वृत्त पंडिता रमाबाईंनी वाचले, तेव्हा हिंदुस्थानातही देवावर असाच भरवसा टाकता येणार नाही काय, असा विचार त्यांच्या मनात आला. केडगावी त्यांनी हजारो निराश्रित स्त्रियांस व मुलींस आश्रय दिला, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे.

वाचकहो, आपली मुले शिक्षणाकरिता पुण्यास, नगरास, मुंबईस जातात. सोबत भाकरी बांधून देतो, अंथरूण देतो, फीची रक्कम कशीतरी जमवून देतो. पण तेथे रविवारी ती कोणाच्या शेजारी बसतील, ह्याची चौकशी किती आईबाप करतात? मुलगा निघण्यापूर्वी उपदेशकाने तेथील पाळकास एक पत्र लिहावे. शहरातील बंधूंनी उपासना संपताच घाईने घरी न जाता, मागच्या बाकावर एकटा बसलेला कोण आहे ते पाहावे व त्यास आपल्या घरी जेवावयास न्यावे.

आम्ही अडाणी, शिकलेल्या मुलांशी काय बोलावे, असे कोणी म्हणू नये. हालेत धर्मशास्त्राच्या ९०० विद्यार्थ्यांत राहून ज्यास देव भेटला नाही, त्यास तो एका साध्या माणसाच्या ओटीवर भेटला. वाग्नर ह्यांनी अनाथालय बांधले नाही, ग्रंथ लिहिला नाही. एका शनिवारी त्यांनी दार उघडले. तेवढे आपल्यातील गरिबातील गरिबासही करता येते. देव आम्हांस तसे करण्याची बुद्धी देवो.