वीर बाबूराव शेडमाके

एटापल्ली, अहेरी, मोलमपल्ली ही गावे ज्या घनदाट अरण्यात वसली आहेत, तो मुलूख पूर्वी चांदा जिल्ह्यात मोडत असे. १९८२ साली त्याचा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. साग, मोह व बांबू यांच्या या वनांवरच गोंड व माडिया लोकांचा संसार चाले. मोलमपल्लीचे गोंड जमीनदार पुलेसूरबापू यांच्या पोटी १८३३ साली बाबूरावांचा जन्म झाला.

१८५४ साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले व चांद्यावर परक्यांचा अंमल बसला. त्या शतकात गोऱ्यांच्या सत्तेखाली अनेक देशांतील मूळ रहिवाशांची दैना झाली. अमेरिकेत १८३० च्या कायद्याने चेरोकी आदी लोकांना मिसिसिपी नदीपलीकडे हाकलण्यात आले. न्यूझीलंडमध्ये १८६३ च्या कायद्याने, लढाईस उभ्या राहिलेल्या माओरींच्या जमिनी जप्त झाल्या. चांद्याकडे मात्र अरण्यवासीयांना कोणी गावातून उठविले नाही. त्यांचे जमीनदारच परक्या अधिकाऱ्यांचे ताबेदार बनले. हे जोखड दिसण्यात हलके असले, तरी बाबूरावांना ते सोसवेना.

मार्च १८५८ मध्ये गोंड व रोहिले यांची फौज उभारून त्यांनी राजगड परगणा काबीज केला. चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनी सैन्य धाडले. नांदगाव-घोसरीजवळ त्याच्याशी त्यांची झुंज झाली. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. डोंगर, नाले व चोरवाटा या लोकांच्या पायाखालच्या. सरकारी शिपायांना मात्र त्या सापडेनात. २९ एप्रिल रोजी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारायंत्र खात्याच्या छावणीवर छापा पडला. गार्टलंड व हॉल हे दोन कर्मचारी ठार झाले. ते लढवय्ये नव्हते, ही गोष्ट लपविण्याजोगी नाही. तिसरा, पीटर, निसटला व त्याने क्रिक्टन यांना वर्दी दिली.

बळाने जे साधेना, ते क्रिक्टन यांनी धाकाने साधले. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर त्यांनी दडपण आणले. त्यांच्या माणसांनी सप्टेंबरात बाबूरावांना पकडून सरकारच्या हवाली केले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. व्यंकटराव बस्तरकडे निघून गेले. पुढे तेही पकडले गेले व त्यांना जन्मठेप झाली. अडपल्ली व घोट या जप्त जमीनदाऱ्यांची ६७ गावे सरकारने लक्ष्मीबाईंना बक्षीस दिली.