चित्रकार लब्रंबाई

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरातून कापून काढलेले एक चित्र आहे. एक तरुण आई, तिचा एक हात खांद्यापर्यंत उघडा, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलीने दोन्ही हातांनी तिच्या गळ्याला घातलेली मिठी. हळदीकुंकवाला येणाऱ्या मैत्रिणी हटकून विचारतात, ही कोण? यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा म्हणून चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा म्हटले, एकदाचे सर्वांनाच सांगून टाकावे. मी चित्रकलेतली जाणकार नव्हे. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ह्या दोन परीक्षा दिल्या, तेवढीच माझी पुंजी. परंतु ह्या बाईंविषयी मिळेल ते वाचीत आले आहे.

चित्रातली आई हीच चित्रकार. आरशात पाहून तिने स्वतःला आणि आपल्या ज्युलीला १७८९ साली रंगवले. नाव एलिझाबेथ विजे ल ब्रं. आपण लब्रंबाईच म्हणू या.

त्यांचा जन्म पॅरिसचा, १७५५ सालचा. वडील रंगीत खडूंनी माणसांची चित्रे काढीत. लेकीचे पहिले गुरू तेच, पण ते १७६७ साली गेले, तेव्हा ही बारा वर्षांची. आईने एका जवाहिऱ्याशी दुसरे लग्न केले. पंधरा-सोळाव्या वर्षापासून मुलगी चित्रांचे पैसे मिळवू लागली आणि ते सावत्र बाप खिशात घालू लागला. पुढे १७७६ साली चित्रांच्या एका व्यापाऱ्याशी लग्न झाले, तर कमाई नवऱ्याकडे जाऊ लागली. माहेर काय नि सासर काय, तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्याच कनवटीला! हे आपल्याला कोणी वेगळे समजावून सांगायला नको.

त्या काळी मुलींना कलाशाळेत समोर माणूस उभे करून शरीराचा अभ्यास करण्याची मुभा नव्हती. मग शिकायचे कुठे? आई तिला श्रीमंतांचे चित्रसंग्रह पाहायला नेई. तिथे बसून रेम्ब्रांट, व्हॅन डाइक, रुबेन्स ह्यांच्या चित्रांतली डोकी ती उतरवून काढी. हीच तिची शाळा. पुढे १७८१ साली नवऱ्याबरोबर ती फ्लँडर्सला गेली. तिथे अँटवर्पला रुबेन्सचे एक टोपीवाल्या स्त्रीचे चित्र पाहिले. मोकळ्यावरचा उजेड, त्यात टोपीच्या काठाची चेहऱ्यावर पडलेली सावली, आणि सावलीतही उजळ दिसणारी कातडी. हे पाहून ती अशी भारावली की, तशीच टोपी घालून, हातात रंगांची पाटी घेऊन तिने स्वतःचे चित्र काढले. राजेशाही अकादमीत एका वेळी चारच स्त्रिया घेत. त्यांतली एक जागा तिला ३१ मे १७८३ रोजी मिळाली. नवरा व्यापारी म्हणून हरकत निघाली होती, ती राजवाड्यातून दूर झाली.

आता मला सर्वांत आवडणारा भाग, म्हणजे त्यांची काम करण्याची रीत. म्हातारपणी त्यांनी भाचीसाठी ती लिहून ठेवली आहे. चित्र काढून घेणारे माणूस येण्याआधी अर्धा तास आपली तयारी हवी, म्हणजे मन गोळा होते. स्त्री असेल तर पाठीला आधार द्यावा, पायांखाली पाट द्यावा. एका बैठकीला दीड तास, फार तर दोन; त्यापुढे माणूस कंटाळते आणि कंटाळा चेहऱ्यावर उतरतो. आपल्या मागे आरसा ठेवावा, त्यात माणूस आणि चित्र दोन्ही एकदम दिसतात, आणि चूक आरसा लगेच सांगतो. आणि मुख्य म्हणजे, ब्रश उचलण्याआधी गप्पा माराव्यात. बायकांना त्या सुंदर आहेत असे सांगावे, पुरुषांनाही थोडी स्तुती चालते. वाचून हसू येते, परंतु त्यात नुसती लबाडी नाही. अवघडून बसलेल्या माणसाचा खरा चेहरा निघूनच जातो. तो परत बोलावावा लागतो.

केसांना पावडर फासून डोक्यावर मनोरे उभारण्याची ती फॅशन. लब्रंबाईंना तिचा तिटकारा. एका सरदारणीचे काळेभोर केस त्यांनी पावडरीशिवाय कपाळावर भांग पाडून रंगवले. ती बाई तशीच नाटकाला गेली आणि पुष्कळ जणींनी तिचे अनुकरण केले! ज्युलीबरोबरच्या आधीच्या एका चित्रात त्यांनी स्वतःला हसताना दाखवले आहे, थोडे दात दिसतात. १७८७ च्या प्रदर्शनात त्यावरून गहजब झाला. आपल्या आज्यांचे फोटो आठवा. एकीचे तरी दात दिसतात का?

राणी मारी आंत्वानेतची त्यांनी वीसहून अधिक चित्रे काढली. दोघी एकाच सालच्या. लब्रंबाई गरोदर असताना एकदा ठरलेली बैठक चुकली. दुसऱ्या दिवशी घाबरत राजवाड्यावर गेल्या, गडबडीत पेटी सांडली, तेव्हा त्यांच्या अवस्थेकडे पाहून ब्रश आणि रंग राणीने स्वतः वाकून गोळा केले. पुढे १७८७ साली मुलांसह राणीचे मोठे चित्र केले, त्यात एक रिकामा पाळणा आहे. त्याच वर्षी राणीची तान्ही मुलगी गेली होती. अशा चित्राला राफाएलच्या मेरी आणि बाळ येशूंचा आधार, हे जाणकार सांगतात. पण पाळणा पाहताना मला राफाएल आठवत नाही.

आपल्या देशाशीही त्यांचा एक धागा आहे. १७८८ साली टिपू सुलतानाचे वकील इंग्रजांविरुद्ध मदत मागायला फ्रान्सला गेले होते. त्यांचे तांबूस चेहरे ऑपेरात पाहून लब्रंबाईंनी ह्यांना रंगवायचेच असे ठरवले. राजाने सांगितले तरच बसू, असे वकिलांचे म्हणणे. राजाचा शब्द आल्यावर त्या मोठा कॅनव्हास घेऊन बिऱ्हाडी गेल्या, तेव्हा हातांवर गुलाबपाणी शिंपडून त्यांचे स्वागत झाले. महंमद दरवेश खान पांढऱ्या झग्यात, हाती शस्त्र घेऊन उभे राहिले. चित्र वाळायला ठेवले, तर खानसाहेबांनी ते पलंगामागे दडवले आणि देईनात. त्यात जीव घालायला हवा, असा त्यांचा आग्रह! अखेर नोकराला फितवून बाईंनी ते मिळवले. खान त्या नोकराचा जीव घ्यायला निघाले. पॅरिसमध्ये असे करीत नाहीत, हे पटवताना दुभाष्याची पुरेवाट झाली. ते चित्र २०१९ साली लिलावात बहात्तर लाख डॉलरांच्या आसपास गेले.

राज्यक्रांती झाली. ६ ऑक्टोबर १७८९ च्या रात्री गरीब बाईचा वेष करून, ज्युलीला आणि तिच्या शिक्षिकेला घेऊन त्या टपालाच्या गाडीने पॅरिसबाहेर पडल्या. आयुष्यात लाखांची कमाई केलेली, पण स्वतःचे म्हणावे असे जवळजवळ काही नाही. पुढची बारा वर्षे इटली, व्हिएन्ना, रशिया. जिथे जावे तिथे चार दिवसांत बिऱ्हाड, उजेडाची खोली आणि समोर खुर्ची. राणीचा शिरच्छेद १७९३ साली झाला. कित्येक वर्षांनी त्यांनी तिचा चेहरा केवळ आठवणीतून रंगवला आणि राणीच्या वाचलेल्या मुलीला पाठवला.

ज्युली रशियात वाढली आणि तिथेच आईच्या मनाविरुद्ध एका सरदाराच्या चिटणिसाशी लग्न करून मोकळी झाली. लब्रंबाईंनी हुंडा दिला, पण मन मोडले. त्या १८०२ साली पॅरिसला परतल्या. ज्युलीही नंतर आली, तिचा संसार मोडलेला होता, तरी दोघी एका घरात राहिल्या नाहीत. १८१९ साली ज्युली गेली, वय एकोणचाळीस. आई त्यानंतर बावीस वर्षे जगली, आठवणींचे तीन भाग लिहिले, आणि ३० मार्च १८४२ रोजी वारली. तिच्या यादीत सहाशेंहून अधिक माणसांची चित्रे आहेत.

इथे माझे थोडे सांगते. माझ्या मुलीनेही आपल्या मनाने लग्न केले. त्यानंतर सव्वा वर्ष मी तिच्याशी बोलले नाही, आणि हे चित्र भिंतीवरून काढून कपाटात टाकले. कपाट आवरताना एकदा ते हाती लागले, आणि पुढे काय झाले असेल म्हणून मी ज्युलीचे वाचायला घेतले. त्याच आठवड्यात मुलीला फोन केला. त्यात लब्रंबाईंचा हात किती आणि माझ्याच जिवाची तगमग किती, कोण सांगणार? ती आली, तेव्हा आधी तिने भिंतीवरचा रिकामा चौकोन पाहिला. काही बोलली नाही. मी खिळा शोधून आणला, आणि चढताना स्टूल तिनेच धरले.